उतारावर नऊ बाया

भीमसिंगची पिकअप उताराखालच्या पुलाच्या कठड्यावर आदळली, त्याच्या आदल्याच दिवशी वाहिदनं घाटंजीतल्या आपल्या गॅरेजात तिचे ब्रेक बसवले होते. भीमसिंगनं पोलिसांपुढच्या जबाबात लिहून दिलं: गाडीत कापूस वेचणाऱ्या नऊ बाया, वेग चाळीस, मैलाच्या दगडापाशी ब्रेक दाबला, लागला नाही. त्यानंतर आठ दिवस वाहिदच्या दारात एकही गाडी आली नाही.

त्याची मुलगी आरजू भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली. तिनं वही उघडली. ब्रेक मागे रेटतो, उतार पुढे ओढतो. गाडी थांबते ती या दोहोंच्या वजाबाकीवर. माणसं भरली की उताराची ओढ वाढते, ब्रेकचा जोर मात्र तेवढाच. वजाबाकी घटते, आणि त्या घटलेल्या जोरालाच वाढलेलं वजन आवरायचं असतं. ब्रेकचा जोर तिला ठाऊक होता. ब्रेक बसवल्यावर अब्बूनं रिकामी गाडी सपाट रस्त्यावर थांबवून पाहिली, तेव्हा टेप धरून तीच उभी होती.

वही घेऊन ती तांड्यावर गेली. त्या गाडीत बसलेल्या लालीबाईचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मावशी, गाडीत किती जणी होत्या?"

"नऊ."

"नऊ असत्या तं गाडी पुलाच्या तीस पावलं अलीकडंच थांबली असती. माह्या गणितानं पंचवीसच्या वर होत्या."

लालीबाई खुदकन हसली. "सव्वीस! तुह्या वहीले लय समजते वं पोरी. सुखीबाई तं माह्या मांडीवरच बसली होती, म्हैस कुठची."

"मंग ठाण्यात चालता? अब्बूचं गॅरेज बुडून राह्यलं."

हसू तिथंच विरलं. "माही सून उद्यापासून भीमसिंगच्याच दुसऱ्या गाडीत जाते. त्यानं तिले नाही घेतलं तं घरात खायचं काय? मी नऊच सांगीन."

"खोटं?"

"खोटंच. तुह्या बापाच्या हातात कला हाय. त्याले कुठंबी काम भेटंन."

घरी वाहिद रिकाम्या गॅरेजात धुतलेलेच पाने पुन्हा पुसत होता.

"काय म्हणली?"

"नऊ."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "नऊच धर. तुह्या गणितात माहे ब्रेक कसे निघतात?"

आरजूनं नऊ धरून, गाडी पुलाला आदळली त्यावरून ब्रेकचा जोर उलटा काढला. मांडणीत कुठंच चूक नव्हती.

"सांग ना."

"खराब," ती म्हणाली.