करवतीला लागलेली मेणाची वडी

मित्रांनो, मी मधमाश्यांच्या मेणाची एक जुनी वडी आहे. मेणबत्तीची नातेवाईक समजून माझ्याकडे काडेपेटी घेऊन येऊ नका. माझा जन्म जळण्यासाठी नव्हता, खाण्यासाठी होता.

हो, खाण्यासाठीच. मधमाश्यांनी मला आपल्या पोटाखालून पापुद्र्यांसारखे काढले, चावून मऊ केले आणि माझे पोळे बांधले. मध काढून झाल्यावर माणसांनी मला वितळवले, फडक्यातून गाळले आणि साच्यात ओतले. मी पिवळीधमक निघाले. मग लिंबाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका घरी माझी रवानगी झाली.

त्या घरच्या वहिनींची एक फिरती कढई होती. तिच्यात गोळ्या घरंगळू लागल्या की वहिनी मला किसून चिमूटभर टाकत. बघता बघता गोळ्या चकाकत आणि एकमेकींना चिकटेनाशा होत. लोक गोळ्यांचे कौतुक करत, आणि मी, कॉलर नसली तरी, ती ताठ करत असे.

एकदा एका आईने गोळी उजेडात धरून विचारले, "वहिनी, मेण पोटात गेलं तर पोराला बाधणार नाही ना?"

"नाही बाधणार. खाण्यासाठीचं शुद्ध मेण आहे, तेही नावालाच लागतं. ते फारसं पचत नाही, आलं तसं निघून जातं. नियमात बसतं म्हणूनच वापरते."

त्या आईने गोळी पोराला दिली. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

वहिनींचे दीर शेजारच्या खोलीत सुतारकाम करत. एका उन्हाळी दुपारी त्यांची करवत लाकडात अडकू लागली. पाते सहज सरकावे म्हणून चोळायचे स्वतःचे मेण सापडेना, म्हणून ते मला घेऊन गेले, तेलकट पात्यावर खसाखसा चोळले आणि काम होताच जागेवर आणून ठेवले. ठेवण्याआधी पुसलेही बिचाऱ्यांनी, स्वतःच्या सदऱ्याला.

संध्याकाळी वहिनींनी कढई सुरू केली. एका नव्या दुकानदाराची पहिलीच ऑर्डर होती आणि सकाळी तो माल न्यायला येणार होता. मला हातात घेताच वहिनी थबकल्या. त्यांनी मला नाकाशी नेले.

"भाऊजी, हिला काय लावलंत?"

"करवतीवर जरा फिरवली. वरची साल काढून देतो की. आतून चांगलीच आहे."

"तेल किती आत मुरलंय, ते दिसतं का तुम्हाला?"

"वहिनी, एवढ्याशानं काय होतंय? माल दिला नाही तर दुकान हातचं जाईल."

"जाऊ दे. लोक विचारतात, बाधणार नाही ना. उद्या कुठल्या तोंडानं 'नाही बाधणार' म्हणू?"

खरे सांगते, मला तेव्हा भाऊजींचेच पटत होते. इतकी मिरवले आणि ऐन वेळी बाजूला काढली गेले, याचे फार वाईट वाटले.

मेणाशिवाय गोळ्या उकाड्यात चिकटणार होत्या. म्हणून वहिनींनी कागद कापले आणि भाऊजींना समोर बसवले. एकेक गोळी गुंडाळून कागदाला दोन्हीकडे पीळ द्यायचा. भाऊजींनी पीळ असा दिला की कागदच फाटला.

"स्क्रू पिळताय का, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या आणि दोघेही हसू लागले.

सकाळी दुकानदाराने एक गोळी सोडून पाहिली. "चमक नाही हो हिला."

वहिनींनी मला त्याच्यापुढे ठेवले आणि घडले ते सगळे सांगितले. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, गोळी तोंडात टाकली आणि डबे उचलले. "पुढचा माल चमकणारा द्या," एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून मी भाऊजींच्या फळीवर आहे. त्यांनी केलेले टेबलांचे खण माझ्यामुळे आवाज न करता सरकतात. कढईशेजारी नवी वडी आली, तिच्यासाठी झाकणाचा डबाही आला. मित्रांनो, खाण्याची वस्तू खाण्यासाठीच वेगळी राखा, एवढेच माझे मागणे आहे.

परवा एक ओळखीचा सुतार मेण मागायला आला आणि त्याचा हात थेट त्या डब्याकडे गेला. भाऊजींनी तो हात धरला.

"ते नको. ते लोकांच्या पोटात जातं. ही घे, काम झालं की आणून दे."

त्याने मला उचलले, आणि मी ताठ मानेने त्याच्याबरोबर गेले.