फोटोमागचा काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि तराजूचाही नव्हे. मोटारीत चालकासमोर ज्या गोल काचा असतात, त्यांतल्या उजवीकडच्या शेवटच्या काचेमागे मी राहतो. इंजिन किती तापले आहे हे दाखवणे, एवढेच माझे काम. डावीकडे निळी रेघ, उजवीकडे लाल आणि मधे माझी जागा. मित्रांनो, मी मध्यावर उभा असलो की कोणीही माझ्याकडे बघत नाही. माझ्या धंद्यात यालाच सुख म्हणतात.

कारखान्यात एका बाईने चिमट्याने उचलून मला माझ्या आसावर बसवले. फुंकर मारून धूळ उडवली आणि वर काच लावली. त्यानंतर मला कोणाचा असा स्पर्श झाला नाही.

ज्यांनी आमची गाडी घेतली, त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. त्यांची मुलगी म्हणायची म्हणून बायकोही म्हणायची. बाबा गाडी सुरू करण्याआधी माझ्या काचेवर नखाने दोनदा टकटक करत. त्याची काही गरज नव्हती, पण मला ते आवडायचे. दर रविवारी सकाळी ते तांब्या घेऊन येत, बॉनेट उघडत आणि रेडिएटरमध्ये घरच्या नळाचे पाणी घालत. शेजारी म्हणायचे, "काय हो, गाडीला आंघोळ की चहा?" बाबा म्हणायचे, "तहान. माणसासारखीच लागते."

एकदा एका मोठ्या चढावर पंख्याचा पट्टा तुटला. मी लाल रेघेवर गेलो, बॉनेटखालून वाफ आली आणि मागच्या सीटवरची सहा वर्षांची मुलगी घाबरून रडू लागली. पट्टा बदलला, तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या दिवसापासून आईचे डोळे माझ्यावरून हटेनात.

"अहो, हलला बघा तो!"

"अगं, खड्डा होता. खड्ड्यात सगळेच हलतात. तूसुद्धा हललीस."

"मी काय लालात जाते?"

"ते मी बोलत नाही," बाबा म्हणाले.

आईचा प्रवास म्हणजे माझी राखण झाली. शेवटी बाबांनी एक उपाय केला. मुलीचा एक छोटा फोटो आणला, पुढचे दोन दात पडलेला, तोंड भरून हसणारा, आणि माझ्या काचेवर लावला. "घे, आता काय बघायचं ते बघ," ते आईला म्हणाले. चिकटपट्टी मात्र त्यांनी फक्त वरच्या कडेला लावली होती. आईचे लक्ष नसले की खालचा कोपरा नखाने उचलून ते हळूच आत डोकावत.

मित्रांनो, मी बावीस वर्षे त्या फोटोमागे काढली. अंधाराची सवय होते. चढ आला की कोपऱ्यातून उजेडाची एक फट पडे, चष्म्याची एक काच दिसे आणि फट मिटे. तेवढ्यावर माझे भागत असे.

मग एका हिवाळ्यात गाडी चार महिने जागची हलली नाही. पुन्हा दार उघडले तेव्हा सीट पुढे सरकवल्याचा आवाज आला. बाबांचे पाय लांब होते. मी टकटकीची वाट पाहिली. ती झाली नाही.

आता गाडी मुलगी चालवत होती. ती शहराबाहेर राहायची आणि आईला स्वतःच्या घरी न्यायला आली होती. फोटोमागे काही आहे, हे तिला ठाऊकच नव्हते. तिला आठवत होते तेव्हापासून तो फोटो तिथेच होता. चढ लागला आणि मी सरकू लागलो. मध्य ओलांडला, लाल रेघ गाठली आणि पार शेवटच्या खुंटीला जाऊन टेकलो. मला तोंड नाही. मी एवढेच करू शकत होतो. कोणी कोपरा उचलला नाही.

वास आधी आईला आला. "थांबव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता थांबव."

चढाखालच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. "झाकणाला हात लावू नका ताई, चेहरा भाजेल," असे बजावून त्याने आधी इंजिन निवू दिले. मग ऑइलची पट्टी ओढून बोटावर पुसली. "दुधाळ झालं नाहीये. नशीब. पाणी ऑइलात गेलं असतं तर गाडी भंगारातच होती." मुलीने सोडलेला श्वास मला फोटोमागे ऐकू आला.

त्याने पाणी भरून गाडी सुरू करायला सांगितली. "काटा कुठवर जातो ते सांगा."

"कुठला काटा?"

मिस्त्री खिडकीतून वाकला. "या फोटोखाली असणार. काढा तो."

"तो नको काढायला," मुलगी म्हणाली.

मग तिनेच पिवळी पडलेली चिकटपट्टी हळूहळू सोडवली. माझ्यावर सगळा उजेड एकदम पडला.

"हा खालचा कोपरा इतका का झिजलाय?" तिने विचारले.

"बाबा उचलून बघायचे," आई म्हणाली. "प्रत्येक चढाला."

"तुला माहीत होतं?"

"मी खिडकीबाहेर बघायचे ना तेवढ्यासाठीच. त्यांना उचलता यावा म्हणून."

मी वर चढत होतो. मिस्त्रीने बॉनेटखालचा जाड पाइप चाचपला. "इंजिन तापलंय आणि हा बघा, गार. गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाही. वाटेतली झडप बंद पडलीय." गाडी बंद करून, निवल्यावर त्याने ती उतारावरून खाली गॅरेजात नेली, झडप काढली आणि तिथल्या शेगडीवर उकळत्या पाण्यात टाकली. उष्णतेने ती उघडायला हवी होती. उघडली नाही. तिच्यावर पांढरा थर चढला होता.

"नळाचं पाणी कोण घालायचं?"

"बाबा. दर रविवारी."

"त्यातल्या क्षारांनी धरलीय. कूलंट घालायचं असतं ताई." मग जरा थांबून तो म्हणाला, "प्रेमानं घातलंय हो. पण पाणीच घातलंय."

मुलगी खळखळून हसली आणि मग बराच वेळ पदपथाकडे तोंड करून उभी राहिली.

नवी झडप बसली, आतला सगळा गाळ धुऊन निघाला, कूलंट भरले. मी मध्यावर येऊन थांबलो. शेजारचे घड्याळ कित्येक वर्षे बंद आहे. फोटो आता त्याच्यावर आहे. निघण्याआधी मुलीने माझ्या काचेवर नखाने दोनदा टकटक केली. तिला ते कोणी शिकवले नव्हते. मागच्या सीटवरून पाहिले असेल.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना आवाज नसतो. म्हणून एवढेच मागतो, की मायेने झाकलेल्या गोष्टींचाही कोपरा अधूनमधून उचलून बघत जा. आणि ज्याने तो आजवर उचलला, त्याच्यानंतर ते काम कोणाचे, हे वेळेवर विचारून घ्या.

त्या दिवशी पुढचा चढ लागला तेव्हा आई सवयीने खिडकीबाहेर बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले.

"मध्यावर आहे, अहो," ती म्हणाली.

मुलीने गिअर बदलला आणि काही विचारले नाही.