टाहोचा माग

आमच्या नेवाडातल्या परगण्यात माणसांपेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा रिकामी जागा जास्त. म्हणून कोणी हरवलं की शेरीफ एचेवेरी आम्हाला बोलावतो. आम्ही म्हणजे त्याचे राखीव वैमानिक. बिल्ला त्याचा, विमान आमचं आणि मोबदला म्हणून नाताळात प्रत्येकी एक टर्की.

आमचा म्होरक्या ऑरिन टटल. विमान अलगद कसं टेकवावं, यावर तो जेवताना, मासे पकडताना आणि एकदा एका मयतीतही बोललेला आहे.

त्या सकाळी घोड्यांचा चोरीला गेलेला एक ट्रेलर वरून शोधून, म्हणजे न सापडता, तो परतला होता. धावपट्टीजवळच्या खानावळीत आम्ही अंडी आणि बटाटे खात बसलो होतो. तेवढ्यात शेरीफच्या कचेरीतून मार्सीचा फोन आला. वरून जाणाऱ्या एका प्रवासी विमानाला टाहो ऐकू आला होता.

लहान विमानाच्या शेपटीत एक पेटी असते. विमान आपटलं की ती संकटाच्या वाहिनीवर आपोआप बोंब मारू लागते. त्या बोंबेला आम्ही टाहो म्हणतो.

“कुठून येतोय?” ऑरिननं विचारलं.

“जुन्या पेटीचा आहे रे, जागा सांगत नाही. आपल्याच परगण्यात कुठेतरी.”

ऑरिननं काटा खाली ठेवला. त्याची बायको लवॉन एल्को गावी बहिणीकडे गेली होती, तिच्या स्वतःच्या छोट्या विमानातून. आज परत यायची होती. एव्हाना पोचायला हवी होती.

“बहिणीशी गप्पा मारत बसली असेल,” मी म्हणालो.

“तिचं बहिणीशी पटत नाही, हॉलिस. ऊठ.”

ऑरिनचं विमान पुन्हा वर गेलं. आमचा एकच रेडिओ टाहोवर लावला आणि कानात बोंब सुरू झाली. दुसरा संच शेरीफचा, त्यावर फक्त मार्सी. माझं काम खाली बघण्याचं. खाली करडी झुडपं आणि पांढरी खारट जमीन. चमकणारं काहीही दिसलं की ऑरिनचा गुडघा थडथड उडायला लागे. एकदा पाण्याची टाकी चमकली, एकदा कोणीतरी टाकून दिलेला फ्रिज.

“ते काय?”

“फ्रिज.”

“नीट बघ!”

“ऑरिन, त्याला दार आहे.”

टाहोची दिशा काढायची आमची रीत साधी. विमान गोल फिरवायचं. पंख मध्ये आला की आवाज दबतो, त्यावरून अंदाज बांधायचा. ऑरिननं गोल फिरवलं. आवाज दबला नाही. उलटं फिरवलं. तरी नाही.

“डोंगरावरून आपटून येत असेल,” तो म्हणाला. आम्ही डोंगरापासून दूर गेलो. आवाज तेवढाच. पुन्हा डोंगराकडे गेलो. तेवढाच. ऑरिन कपाळ पुसू लागला. “ती इथेच आहे. आपल्या अगदी खाली आहे.”

“मघाशीही खालीच होती. त्याआधीही.”

मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत शब्द जुळवले.

“सकाळी उतरलास कसा?”

“कसा म्हणजे? उतरलो.”

“अलगद?”

“वारा आडवा होता.”

“उतरल्यावर ही वाहिनी ऐकूनच इंजिन बंद करायचं, हे आम्हाला तूच शिकवलंस. ऐकली होतीस?”

ऑरिनचे कान लाल झाले. आपल्याच विमानाचं बोंबलणारं शेपूट शोधत आम्ही निम्मा परगणा पालथा घातला होता. मला हसू फुटणार, तेवढ्यात तो म्हणाला, “मग लवॉन कुठंय?”

हसू जागच्या जागी राहिलं. आतापर्यंत निदान एक आवाज तरी होता.

आम्ही उतरलो. इंजिन थांबताच ऑरिन सामानाच्या दारातून शेपटीत घुसला. बाहेर नुसते बूट राहिले. खट्ट झालं आणि टाहो बंद पडला. त्या शांततेत, त्याच वाहिनीवर, बाईचा आवाज आला.

“...बंद पडला. आत्ता ऐकत होते, बंद पडला. ऑरिन, उत्तर दे. कोणीतरी उत्तर द्या. तो सकाळपासून वर आहे. मी त्या टाहोच्याच मागावर फिरतेय.”

बूट आत ओढले गेले आणि डोकं बाहेर आलं. ही वाहिनी शेरीफ ऐकतो, रानातले पशुपालक ऐकतात, डोक्यावरून जाणारे सगळे वैमानिक ऐकतात. ऑरिननं माइक उचलला.

“लवॉन, मी ठीक आहे. टाहो माझाच होता. मी विमान आपटलं.”



“किती जोरात?” फार वरून जाणाऱ्या एका अनोळखी वैमानिकानं विचारलं.

“तुम्ही गप्प बसा,” लवॉन म्हणाली. “ऑरिन, तुला शोधण्यात माझं पेट्रोल गेलंय. काटा तळाला आहे.”

ऑरिननं तिला उतरण्यासाठी वाऱ्याची दिशा सांगितली. मग माइक माझ्या हातात कोंबून तो धावपट्टीच्या टोकापर्यंत धावत गेला, परत आला, पुन्हा गेला. तिकडे जाऊन विमानाला कसलाही उपयोग नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

शेवटी एक ठिपका दिसला, पंख डुलवत. लवॉन कापसावर ठेवावं तशी टेकली आणि निम्म्या धावपट्टीवर पेट्रोल संपून विमानाचा पंखा थांबला. आम्ही पळत गेलो. ती खाली उतरली नाही.

“ढकला,” ती म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

ऑरिन पंखाच्या दांडीला खांदा लावून ढकलू लागला आणि दर चार पावलांनी आत वाकून बघू लागला.

“आहे इथेच,” ती म्हणाली. “पुढे बघ.”