न दुखणारं भाजणं

भाजलेल्यांच्या खोलीत मला ओरडणारा पेशंट आवडतो. नर्सिंगला नव्याने आलेल्या पोरींना हे ऐकून धक्का बसतो. लीलाबाईला काळीज नाही, असं त्या आपापसांत म्हणतात. म्हणोत बापड्या. मी त्यांना हाताला धरून पलंगापाशी नेते आणि दाखवते. कातडी नुसती लाल झाली, आग आग होते, ते पहिल्या दर्जाचं भाजणं, त्याला गार पाणीही पुरतं. फोड आले, खालचं मांस ओलं गुलाबी दिसतंय, वारा लागला तरी माणूस किंचाळतो, ते दुसऱ्या दर्जाचं. त्यात हाल होतात, पण खाली जीव असतो आणि कातडी परत येते. आणि जिथं कातडी पांढरी, चपलेच्या चामड्यासारखी कडक झालीय, सुई टोचली तरी कळत नाही, तिथं घाबरायचं. तिथं दुखायला काही उरलेलंच नसतं.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात हेच समजावून सांगायची माझ्यावर वेळ आली आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता आणि खेड्याखेड्यांतून दलितांच्या वस्त्या पेटत होत्या. परभणीच्या आमच्या दवाखान्यात पलंग कमी पडले. भाजलेल्यांची खोली एकच, म्हणून मधोमध दोरीवर हिरवा पडदा टाकून एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला बाप्ये अशी सोय केली होती.

सत्यशीला सकाळी आली. जिंतूर रस्त्याच्या आत कुठल्याशा गावची, पंचविशीतली बाई. ती पाण्याला गेली असताना कुणीतरी घरावरचं छप्पर पेटवलं, आणि सासू आत होती. ही धावत आली तर दाराला बाहेरून कडी. कडी काढून आत शिरली, सासूला उंबऱ्यापर्यंत ओढलं, तेवढ्यात वासे खाली आले. सासू तिथंच गेली. हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते, आणि उजव्या तळव्यावर कडी धरल्याचा बोटभर पांढरा पट्टा होता. सगळा हात ठणकत होता, तेवढा पट्टा मात्र दुखत नव्हता. मी फोडांवरची मेलेली कातडी काढायला घेतली तेव्हा तिने असा गळा काढला की बाहेर केसपेपरच्या रांगेतले लोक गप्प झाले. मी तिला म्हटलं, ओरड, लाज धरू नकोस.

दुपारी त्याच गावचा भुजंग आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आणला होता. बरोबर बाप व्यंकटराव, गावातलं मोठं प्रस्थ, आणि आई तानुबाई. स्टोव्ह भडकला, चहा करत होता, असं व्यंकटरावांनी सांगितलं. त्या घरात बाप्या माणसाने कधी पाण्याचा तांब्या हाताने भरून घेतला असेल तर मी लीला नावाची नाही. मी कामाला लागले.

गळ्यापासून कमरेपर्यंत, छाती, पाठ आणि दोन्ही दंडांवर तूप आणि देव्हाऱ्यातला अंगारा थापला होता. मी तो पुसायला लागले तशी तानुबाईने माझा हात धरला. "काडू नका बाई. आंगारा लावला आन् लेकराची आग बसली. तवापसून येक डाव कण्हला न्हाई त्यो."

तिचा हात सोडवून मी अंगारा पुसून काढला. टेरिलीनचा शर्ट वितळून अंगाला चिकटला होता, आणि बाकी सगळी कातडी पांढरी, मधूनच तपकिरी, हाताला लाकडासारखी लागत होती. मी सुई टोचली. त्याला पत्ता नाही. गळ्याच्या कडेला जरा चरचरतंय म्हणाला आणि चहा मागितला.

डॉक्टर अनंतरावांनी पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. छातीभोवतीचं ते जळकं कातडं वाळत चाललं होतं, भिजलेला चामडी पट्टा उन्हात आवळतो तसं आवळत होतं. श्वास घ्यायला छाती वर उचलत नव्हती. दोन्ही कुशींवर कातडं उभं चिरून मोकळं करायचं, तेही संध्याकाळच्या आत. केलं तरी वाचेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही केलं तर गुदमरून जाईल, एवढंच म्हणाले.

व्यंकटरावांनी सही द्यायला नकार दिला. जे दुखत नाही ते कापता कशाला, असा त्यांचा सवाल. शिवाय पोलीस दवाखान्यात फेऱ्या मारत होते, त्यामुळे पोराला आजच्या आज घरी न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी परत परत सांगितलं, अगदी हात जोडले. तानुबाई नुसती हसली, अडाण्याला समजवावं तशी. इतक्यात पडद्यापलीकडे सत्यशीला कण्हली.

"ऐका," तानुबाई म्हणाली. "पाप आसलं की आसं वरडावं लागतं. माज्या लेकराला देवानं पदरात घेतलंय."

आईचं ऐकून भुजंगला चेव आला. स्टोव्हचं सोंग त्याने स्वतःच उतरवलं. पडद्यापलीकडे कोण आहे ते त्याला ठाऊक असावं, कारण तो मुद्दाम मोठ्याने सांगायला लागला. बाकीची पोरं भ्याली, हाच रॉकेलचा डबा घेऊन पुढे झाला. छपरावर अर्धा डबा फेकला. आत म्हातारी खोकत होती, म्हणून आधी कडी घातली. ती आतून दार बडवायला लागली तसे सगळे खदाखदा हसले. काडी लावली आणि वारा फिरला, जाळ उलटा आला तसा हातातला डबा अंगावर सांडला. सांगताना त्याला दम लागत होता, तरी तो हसत होता. माझ्या हातातला बोळा थांबला. न्या याला घरी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. खरंच सांगते, मला तो मरायला हवा होता.

पडद्यापलीकडून सत्यशीलाचा आवाज आला. तिच्या गावात तिने भुजंगला कधी नावाने हाक मारली नसणार.

"भुजंगा, कडी तूच घातली व्हती का? मीच काडली ती. तुजी कडी माज्या हातावर उठलीय. पोलिसाला दाखवते मी."

व्यंकटराव पडदा ओरबाडून पलीकडे गेले. मी पोहोचेपर्यंत त्यांनी तिचा पट्टी बांधलेला हात मुठीत धरून पिरगाळला होता, आणि दुसऱ्या हाताने तिचं तोंड दाबत होते. पट्टीतून रक्त आणि पाणी गळत होतं. तिची किंकाळी त्यांच्या पंज्यातूनही बाहेर येत होती. माझ्या हातात ड्रेसिंगचा जाड ट्रे होता. तो मी त्यांच्या तोंडावर हाणला, सगळं बळ लावून. नाकाचं हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. ते खाली बसले तसा वॉर्डबॉय नागनाथ त्यांच्या छातीवर बसला. मला पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

भुजंगला उठून बसायचं होतं. बापाला मारलं म्हणून तो शिव्या देत होता, पण एक शिवी पूर्ण व्हायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. ओठ निळे पडायला लागले होते. तो नालायक होता, खुनी होता, आणि माझा पेशंट होता. या शेवटच्या गोष्टीची मला चीड आली.

मी तानुबाईला मनगट धरून पलंगाशी ओढलं. नवी सुई घेतली आणि तिच्याच बोटात टोचली. ती कळवळली, रक्ताचा थेंब आला. मग दुसरी सुई तिच्या डोळ्यांसमोर भुजंगच्या छातीत घातली, अर्धी आत जाईपर्यंत. तो छताकडे बघत होता. चहाचं काय झालं, असं त्याने विचारलं.

"मावशी, ही देवाने शांत केलेली आग नाही," मी म्हटलं. "हे कातडं मेलंय. जिवंत असतं तर तो तिच्यासारखा ओरडला असता. ती ओरडते म्हणून ती जगणार आहे."

 तानुबाईने ती सुई उपटली आणि स्वतः दुसरीकडे टोचली. मग दंडावर. मग सुई टाकून दिली आणि लेकाच्या छातीवर चापट्या मारायला लागली, आधी हळू, मग दोन्ही मुठींनी.

"वरड," ती म्हणत होती. "भुजंगा, वरड. तुज्या मायसाठी तरी दुखू दे. वरड रं."

जळकं कातडं तिच्या नखाखाली फाटून हातात आलं. भुजंग म्हणाला, "काय करायलीस माय, गुदगुल्या व्हतेत."

कागदावर अंगठा तानुबाईने दिला. नागनाथने दाबून धरलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. डॉक्टरांनी भूल न देताच दोन्ही कुशी चिरल्या, भूल लागतच नव्हती. पहिल्या चिरेला रक्तसुद्धा आलं नाही. कातडं उसवलं, छाती थोडी वर उचलायला लागली, ओठांवरचा निळेपणा ओसरला. अशी माणसं दोन दिवस बोलतात, पाणी मागतात, मग एकदम जातात. डॉक्टरांनी तिला तेही सांगितलं.

सकाळी सत्यशीलाचं ड्रेसिंग होतं. व्यंकटरावांनी ओढून पाडलेला पडदा आम्ही परत बांधला होता. सुजलेल्या, पिरगाळलेल्या हातावरची पट्टी सुटत आली तशी ती ओरडायला लागली, सगळा दवाखाना दणाणला. तानुबाई पलीकडून उठली आणि पडद्यापाशी येऊन उभी राहिली. काल पाप म्हणून ऐकलेला तो आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला.

"शिष्टरबाई," तिने विचारलं, "ही जगंल न्हवं?"

"जगेल," मी म्हटलं.

तिने पदराने तोंड पुसलं. मग परत लेकाजवळ गेली, त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.