कपाळावरची राख

टीव्हीवर धर्मांतराचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. चार जण घसा फोडून भांडत असतात, आणि ज्यांच्यावरून भांडतात त्यांच्यातला एकही तिथे नसतो. मग मी सोफ्यावरून ओरडतो, "अरे, आपल्यातला एकजण उठून बोलत का नाही? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?" स्वयंपाकघरातून चैताली म्हणते, "अहो, हळू. शेजारी ऐकतील." मी आवाज कमी करतो. टीव्हीचा नव्हे, माझा.

मी जयसिंग कदम. आम्ही नगरकडचे कॅथलिक. पणजोबांनी धर्म बदलला, नाव-आडनावांना हात लावला नाही. त्यामुळे वाघोलीतल्या या सोसायटीत आम्हाला कधी कोणी काही विचारलं नाही. विचारलं तर सांगू, असं माझं धोरण. नाताळचा तारा आम्ही हॉलमध्ये लावतो, बाल्कनीत नाही. बाल्कनीत धूळ बसते म्हणे! असं मीच सांगतो सगळ्यांना. त्यावर माझी बायको काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

तळमजल्यावर मुक्ताई भाड्याने राहतात. सत्तरीच्या, एकट्या, निवृत्त नर्स. आमच्याच धर्माच्या, पण त्यांचा क्रूस दारावर आहे, बाहेरून. दर शुक्रवारी त्यांच्याकडे चार बायका जपमाळ म्हणायला जमतात. तेवढ्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर आग लागली. बाहेरची माणसं येतात, पैसे वाटतात, पोरांना नादी लावतात. मुक्ताई कोथिंबीर घेताना भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालतात, त्या पैसे वाटणार! बुधवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग ठरली. मुक्ताईंना घर खाली करायला सांगायचं की नाही, एवढाच विषय.

"तुम्ही कमिटीत आहात. तुम्हीच बोला," चैताली म्हणाली.

"बोलणारच! कोणाच्या बापाला भितो काय?" आमची सृष्टी समोरच बसली होती. नववीतली पोर, माझ्याकडे बघतच राहिली.

तो बुधवार नेमका राखेचा बुधवार निघाला. आमचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात. माणूस माती आहे, माज करू नको, एवढंच त्या राखेचं म्हणणं. माझ्या कपाळावर फादरांचा अंगठा घसरला आणि नुसता डाग उमटला. सृष्टीचा क्रूस मात्र ठळक, रेखीव.

येताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, "पप्पा, शाळेत जाताना पुसू का?"

मी भडकलो. "का म्हणून? चोरी केलीय? विचारलं कोणी, तर ताठ मानेनं सांगायचं."

तिने शाळेत तसंच सांगितलं. मुली हसल्या, एकीने फोटो काढला, पण हिने पुसला नाही. संध्याकाळी मला हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता म्हणता! मला माझ्या पोरीचा फार अभिमान वाटला. त्याच तोऱ्यात मी मीटिंगला खाली उतरलो.

"या, या, कदम!" सेक्रेटरी हिंमतराव म्हणाले. "महाशिवरात्र होऊन गेली तरी तुमचं भस्म चालूच?"

सगळे हसले. मीही हसलो. हिंमतराव वाईट माणूस नाही हो. मला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट्ससाठी हाच रात्रभर फिरला होता. त्यांनी वड्याची प्लेट पुढे केली. मी म्हणालो, उपास आहे.

"बुधवारी? बरं बुवा." ते वॉचमनकडे वळले. "राकेश, साहेबांना साबुदाण्याची खिचडी सांग."

सांगायचं होतं ते तिथेच सांगायला हवं होतं. खिचडी आली. मी खाल्ली.

मग विषय निघाला. या लोकांना एकदा शिरकाव दिला की सगळी सोसायटी बाटवतील, वगैरे. टीव्हीवरचंच सगळं, फक्त माणसं ओळखीची. शेवटी हिंमतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कदम, तुम्ही गप्प का? बोला की."

मी घसा खाकरला. बोलणार होतो, शपथ घेऊन सांगतो. तेवढ्यात दार ढकलून सृष्टी आत आली. चैतालीने घराची किल्ली देऊन पाठवलं होतं. पण किल्ली नुसतं निमित्त. पप्पांना बोलताना ऐकायला आली होती ती.

सगळ्यांच्या नजरा तिच्या कपाळावर गेल्या. हिंमतरावांच्या कपाळाला आठी पडली. "काय गं, हे काय काढलंयस? पप्पांचं भस्म तर असं नाही."

सृष्टीने माझ्याकडे पाहिलं. थांबली. मी सांगेन म्हणून थांबली. मी खिचडीतले शेंगदाणे चमच्याने बाजूला करत बसलो. मग तिने माझ्या कपाळावरचा डाग पाहिला, प्लेट पाहिली, माझ्या खांद्यावरचा तो हात पाहिला. पोर हुशार आहे.

"भस्मच आहे, काका," ती म्हणाली. "पप्पांबरोबर शंकराला गेले होते." आणि घाम पुसावा तसा तळवा कपाळावरून आडवा फिरवला. दिवसभर सांभाळलेला क्रूस गेला. राखेचा आडवा पट्टा राहिला.

धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. पण उठलो नाही.

हिंमतराव खूश. मतदान झालं. मुक्ताईंना महिन्याभरात घर खाली करायला सांगायचं ठरलं. हात वर करायचे होते. माझ्या एका हातात सृष्टीने आणून दिलेली किल्ली होती, मी दुसरा वर केला. सृष्टी दारातच उभी होती.

निघताना हिंमतरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आजकालच्या मुलींना टिकलीची लाज वाटते, आणि ही बघा. कदम, संस्कार घरातूनच यावे लागतात."

"हो," मी म्हणालो. "घरातूनच."