ज्येष्ठेच्या कोठीतली ज्वारी

माझी नणंद गिरजाबाई रिठदला दिली ते साल एकोणीसशे अठ्ठावीस. लग्न चैत्रात झालं, आणि त्या लग्नानं आमचं आसेगावचं घर जे भरलं ते भादवा आला तरी रिकामं झालं नाही. मांडवाचे बांबू ओसरीत, पत्रावळींचे गठ्ठे माळ्यावर, आणलेल्या टोपल्या, परत करायची राहिलेली परकी भांडी, आहेरातल्या फाटक्या टोप्या. कोणतीही वस्तू हवी असली की आधी चार वस्तू हलवाव्या लागत. सासूबाई कस्तुराबाई काही टाकू देत नसत. तुटलेल्या सुपाचीही त्यांना काळजी.

"सूप गेलं तरी कामट्या राह्यतात," त्या म्हणत. "लागते कधी ना कधी."

माझी थोरली जाऊ प्रयागबाई याच्या अगदी उलट. तिच्या माहेरी रॉकेलची चिमणीसुद्धा ठरलेल्या खुंटीलाच टांगायची. लग्नाच्या धबडग्यात मिठाचं मडकं हरवलं आणि चार दिवसांनी चुलीमागं राखेखाली सापडलं, तेव्हापासून ती मनातून त्रासलेली होती. माझ्याजवळ म्हणे, "सीते, हे घर हाय का बाजार उठल्यावरची जागा?"

त्याच वर्षी आमच्या सासऱ्यांनी, रंगराव मामाजींनी, पहिल्यांदा ज्वारीच्या बियाला मोरचूद लावला. शेतकी खात्याचा माणूस गावात येऊन सांगून गेला होता, की मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवून वाळवलं तर कणसावर काणी, म्हणजे दाण्याची काळी भुकटी करणारा रोग, पडत नाही. मामाजींना नव्या गोष्टीची हौस. पेरणी झाली आणि थोडं बी उरलं. ते सासूबाईंच्या हाती देऊन ते म्हणाले, "हे पुरून टाक. जनावरालेही देऊ नको. विष हाय ते."

सासूबाईंनी पुरलं नाही. पेर फसली तर दुबार पेरायला होईल, असा त्यांचा विचार. काठ फुटलेल्या एका गाडग्यात ते घातलं, फडकं बांधलं आणि माळ्याच्या कोपऱ्यात सरकवून दिलं. सांगितलं कोणालाच नाही. पेर फसली नाही. गाडगं तिथंच राहिलं.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं त्यांचा मोठा मान. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचं अंग म्हणजे दोन कोठ्या. त्या धान्यानं भरायच्या, वर मुखवटे ठेवायचे, लुगडी नेसवायची. एकदा मुखवटा बसला की तिसऱ्या दिवशी विसर्जनापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मुखवटा उचलणं म्हणजे लक्ष्मीला घरातून उठवणं. दुसऱ्या दिवशी जेवण, त्यात सोळा भाज्या, पुरण आणि ज्वारीची आंबील. आंबिलीशिवाय नैवेद्य पुरा होत नाही.

सणाच्या निमित्तानं प्रयागबाईनं घर आवरायला काढलं. सासूबाईंना या वेळी नाही म्हणता येईना. ती माळ्यावर चढली आणि एकेक वस्तू खाली देऊ लागली, मी अंगणात मांडत गेले. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. दर वस्तूला त्यांचा जीव वरखाली होई.

"अवं, ते कायले काढलं?"

"आत्याबाई, याले बूड नाई."

"बूड नाई तं कोंबडी झाकाले होते."

"कोंबड्या किती, अन् झाकण्या किती," प्रयागबाई वरून म्हणाली. मला हसू आलं, सासूबाईंनाही आलं, पण त्यांनी ते पदरात लपवलं. मग त्यांना शेजारच्या गोमतीबाईंनी भाज्या निवडायला बोलावलं आणि त्या उठून गेल्या. नेमकं तेव्हाच ते गाडगं खाली आलं.

माळ्यावर ज्वारीची दोन गाडगी निघाली. एक लग्नातलं उरलेलं, एक ते काठफुटकं. मोरचुदाचा निळसर रंग दोन महिन्यांच्या धुरानं आणि धुळीनं पार झाकला होता. दोन्हींतला दाणा सारखाच काळवंडलेला. प्रयागबाईनं दोन्ही पाखडून घेतली. एक ज्येष्ठेच्या कोठीत ओतली आणि दुसरी आम्ही दोघींनी जात्यावर आंबिलीसाठी दळली. कनिष्ठेच्या कोठीत दरवर्षीप्रमाणं गहू. गाडगी धुऊन तिनं भिंतीशी उतरंड रचली, मोठं खाली, लहान वर. घर इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी लक्ष्म्या बसल्या आणि पिठात ताक कालवून आंबील आंबायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना धुपासाठी निखारे न्यायला जुनं गाडगं हवं होतं. त्या उतरंडीपाशी गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

"प्रयागे, या काठफुटक्यात ज्वारी होती."

"होती ना. दोन गाडग्यांत होती. एक कोठीत गेली, एक दळली."

"यातली कुठी गेली?"

"आता कसं सांगू? दोन्ही संगंच रिकामी केली. काहून?"

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी सांगितलं ते इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. बाहेर अंगणात मामाजी पंगतीच्या जागेवर सडा घालून घेत होते. गावातली निम्मी घरं जेवायला येणार होती, लेकराबाळांसकट.

"मामाजीले सांगू," मी म्हणाले.

"काय सांगशीन? पुरून टाक म्हणे, अन् म्या ठेवलं, असं सांगशीन?" सासूबाई म्हणाल्या. मग प्रयागबाईकडं बघून, "तुले कोणं सांगतलं होतं माळ्यावर चढाले?"

प्रयागबाई आंबिलीच्या पातेल्यापाशी गेली. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नसतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. आंबट होती, आणि आंबटाखाली काहीतरी कळकलेलं. पण पातेलं पितळेचं, लग्नात घासून घासून त्याची कल्हई उडालेली. अशा भांड्यात रात्रभर ताक राहिलं तर तेही कळकतंच. मोरचुदाची चव की पितळेची, सांगणार कसं?

"फेकून देऊ," प्रयागबाई म्हणाली.

"लक्ष्मी बसल्यावर तिचा निवद उकिरड्यावर? नुसत्या शंकेवर?" सासूबाई म्हणाल्या. "अन् कोठीतच असन तं? मंग चांगलं अन्न फेकलं म्हणून ते येगळं पाप."

"मंग कोठी पाहून घेतो."

"मुखवटा उचलशीन?"

"त्याच्याबिगर कसं समजन?"

"नाई. माह्या जिवात जीव हाय तवर नाई."

तेवढ्यात पाणी भरणाऱ्या बाया दारात आल्या आणि सासूबाईंना उठून त्यांच्याशी बोलावं लागलं. त्या हसून बोलत होत्या, पण एक हात दाराच्या चौकटीला घट्ट धरून होता. अंगणात पहिली लेकरं येऊन बसली होती. गोमतीबाईंचा नातू पाटाशी खेळत होता आणि आंबील कधी देता म्हणून विचारत होता, कारण त्याला गूळ घातलेली आंबील आवडायची.

प्रयागबाईनं मला देवघराच्या दारात उभं केलं. "कोणी आलं तं लुगडं नीट करून राह्यली म्हण." ती ज्येष्ठेपुढं गुडघ्यावर बसली. तिनं आधी नमस्कार केला. मग दोन्ही हातांनी मुखवटा उचलला आणि मांडीवर ठेवला, पालथा नाही, उताणा, तोंड वर. लक्ष्मीचं लुगडं होतं, मंगळसूत्र होतं, आणि वर काहीच नव्हतं. प्रयागबाईनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला. वरचे, मधले, तळाचे असे दाणे काढून ती एकेक चावत गेली. तिच्या गालांची हालचाल मी बघत होते.

"गोड हाय," ती म्हणाली. "निव्वळ गोड."

म्हणजे विष आंबिलीत होतं.

तिनं मुखवटा जागेवर ठेवला, कुंकू सारखं केलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं, ते पदरानं पुसलं. मागं वळली तर माझ्या पाठीशी सासूबाई उभ्या. किती वेळच्या, देव जाणे. त्या रागावल्या नाहीत. सरळ चुलीपाशी गेल्या, जड पातेलं स्वतः उचललं, गोठ्यामागं नेलं आणि खड्डा करून ओतलं. वरून माती, मातीवर दगड. त्या बाईनं आयुष्यात फेकलेलं पहिलं अन्न ते असावं.

परत येताना अंगणातल्या बायांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माह्या हातून ताक नासलं वं. म्हातारी झाली मी." गोमतीबाईंच्या घरचं पीठ आणलं, ताजं ताक कालवलं. अर्धवट आंबलेली ती आंबील पंगतीनं नावं ठेवत खाल्ली. कोणाला ओकारी झाली नाही, कोणाचं पोट दुखलं नाही. गोमतीबाईंच्या नातवानं दोनदा मागून घेतली.

वाटलं होतं, घोर मिटला. पण आम्हा तिघींना ठाऊक होतं की लक्ष्मी मधेच उठवली होती. सासूबाईंनी माळ्यावरचं एकेक काढून टाकायला सुरुवात केली, बूड नसलेलं, काठ फुटलेलं, सगळं. आणि प्रयागबाईनं आवरणं सोडलं. वस्तू जिथं दिसेल तिथं राहू देई, हलवायची झाली तर आधी विचारी. स्वयंपाकाला घेतलेल्या प्रत्येक धान्याचा दाणा ती आधी चावून बघे. घरात कोणी शिंकलं तरी तिची मान वळायची.

आश्विनात मामाजींना ताप आला. आधी एक दिवसाआड, मग रोज. कारंज्याहून वैद्य आणला, त्यानं काढा दिला, ताप हिवाचा आहे म्हणाला. त्या पावसाळ्यात हिवतापानं गावात बरीच माणसं पडली होती. तरी प्रयागबाई मामाजींच्या खाटेपासून हलेना. एका दुपारी ती सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, माह्याच्यानं झालं का हे?"

सासूबाई पेज ढवळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मुखवटा तू उचलला. बी म्या ठेवलं," त्या म्हणाल्या. "कोणाचं कोणाले लागते, मले नाई समजत. पंगतीले लागलं नाई, एवढं समजते. ही पेज नेऊन दे त्याइले, थंडी होईन."

प्रयागबाईनं वाटी घेतली. न्यायच्या आधी बोटावर थेंब घेऊन चाखला.

मामाजी, रंगराव, त्याच तापात कार्तिक वद्य अष्टमीला सकाळी वारले.