होडीवरचं आभाळ

नाशिकच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत एक मोठं चित्र होतं. खवळलेला समुद्र, मोडक्या डोलकाठीची होडी, आत तिघे खलाशी, आणि त्यातला एकजण उभा राहून टोपी हलवतोय. माझे बाबा, श्यामराव, शाळेत चित्रकलेचे शिक्षक. रद्दीच्या दुकानात त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन साहसकथेचं पुस्तक मिळालं, त्यातलं हे चित्र. पुस्तकात ते काळंपांढरं छापलेलं होतं. बाबांनी ते मोठं करून तैलरंगात उतरवलं आणि रंग स्वतःच्या मनाने भरले. पाण्यावर अर्धा सूर्य, आभाळ पिवळंधमक. सकाळ झाली, आता ही माणसं वाचणार, असं त्यांचं ठाम मत.

ती संध्याकाळ आहे, असं आईचं मत, आणि तेही तेवढंच ठाम. आई, म्हणजे सरोज, मालवणची. सूर्य पाण्याला टेकला की दिवस संपला आणि होड्या घरी, हे ती लहानपणापासून बघत आलेली. पाहुणे चित्राचं कौतुक करू लागले की चहाचा ट्रे ठेवता ठेवता ती म्हणायची, "चित्र छान आहे, फक्त वेळ चुकलीय." बाबांचा चेहरा असा काही पडायचा की मला हसू आवरायचं नाही. हा वाद माझ्या लग्नापर्यंत चालला, लग्नानंतरही चालला. मग आई गेली, आणि मी बाबांना कतारला, दोह्यातल्या माझ्या घरी घेऊन आले.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आलेला, त्यामुळे दोह्यात कशाचा कशाला पत्ता नव्हता. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी बंद. अल थुमामा भागातल्या आमच्या घराच्या गॅलरीसमोर भलंमोठं स्टेडियम उभं राहिलेलं. येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेलं नटत होती, आणि अशाच एका हॉटेलात जुन्या साहसकथांसाठी काढलेल्या मूळ अमेरिकन तैलचित्रांचं प्रदर्शन लागलं. एका रंगात छापलेल्या जाहिरातीच्या कोपऱ्यात मला आमची होडी दिसली. बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"मूळ चित्रात काय आहे ते एकदा बघू दे," ते म्हणाले. "संध्याकाळ निघाली तर तुझ्या आईच्या फोटोपुढे कान पकडतो."

दालनात रंगांची नुसती उधळण होती. चाच्यांचे लाल पट्टे, बर्फातले लांडगे, वाळवंटातले घोडेस्वार. शेवटच्या भिंतीवर आमची होडी होती, दाराएवढी. जाड तैलरंग, कुंचल्याचे फटकारे उठून दिसणारे. पण सगळं काळं, पांढरं, करडं. माझं डोकंच फिरलं.

"ये तो कच्चा काम है," मी तिथल्या मुलीला म्हटलं. अनीसा तिचं नाव, हैदराबादची. "रंगवाला कहाँ है?"

"यही ओरिजिनल है, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "तब कलर छापना बहुत महंगा था. जो पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट छपनी होती, पेंटर पेंट भी वैसे ही करते थे."

बाबा पुढे झाले. "लेकिन सुबह है की शाम?"

अनीसाने खूप वेळ चित्राकडे पाहिलं. "पता नहीं, अंकल."

गाडीत मी उगाच उत्साहाने म्हटलं, "बरं झालं की! हरला नाहीत तुम्ही."

"हरायलाच आलो होतो गं नमू," बाबा म्हणाले. "एकदा तिचं खरं ठरायला हवं होतं."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मला रडू फुटलं.

दोन दिवसांनी बाबांनी रंग आणायला लावले. "आता संध्याकाळ काढतो," म्हणाले. शुक्रवारी माझा नवरा गिरीश घरी होता. त्याने आम्हाला दोह्याबाहेर, समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं. बाबा चित्राचा घोडा मांडून, त्यावर कॅनव्हास लावून समुद्राकडे तोंड करून बसले. आम्ही वाट बघतोय, पाणी हळूहळू काळवंडतंय, आणि सूर्याचा पत्ता नाही. मी सहज मागे वळले. इथला समुद्र पूर्वेला; सूर्य आमच्या पाठीमागे, व्हिलांच्या आड कधीच बुडाला होता. समुद्र म्हटला की सूर्यास्त, हे तिघांच्याही इतकं अंगात मुरलेलं, की कुणाला शंकाही आली नव्हती. गिरीशने तर कपाळावर हात मारला. इतकी वर्षं याच किनाऱ्याने तो रास लफानला नोकरीला जातोय!

बाबा हसत सुटले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "ती असती ना, तर म्हणाली असती, समुद्रच उलट्या बाजूला लावलाय यांनी."

मग पहाटे पुन्हा आलो. लालभडक सूर्य पाण्यातून अर्धा वर आला, आणि मी दचकलेच. हुबेहूब मालवणची संध्याकाळ. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि केशरी रंग घेतला.

पुढे ते चित्र आमच्या हॉलमध्ये लागलं. एकदा गिरीशचे ऑफिसमधले मित्र आले, आणि त्यातले एकजण चित्रापाशी जाऊन म्हणाले, "वा! समैस्माची सकाळ ना ही? काय छान चित्र आहे!"

बाबांनी माझ्या हातातला चहाचा ट्रे घेतला, टेबलावर ठेवला.

"चित्र छान आहे," ते म्हणाले, "फक्त तुमची वेळ चुकलीय. संध्याकाळ आहे ती."